मुलाखतीत मोठ्याने विचार करण्याविषयी

मित्रहो, मॅकिन्झी, बीसीजी, बेन यांच्यासारख्या व्यवस्थापन सल्लागार कंपन्यांत, किंवा डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय, केपीएमजी यांच्या सल्लागार विभागांत, पदवी हातात पडल्याबरोबर ॲनालिस्ट म्हणून लागू इच्छिणारे अनेकजण आज या सभागृहात आहेत. पुण्यातल्या अभियांत्रिकी आणि वाणिज्य शाखेच्या मुलांचे गणित कच्चे नसते. मात्र उत्तर पक्के झाल्याखेरीज तोंड उघडायचे नाही, ही शाळेपासून अंगवळणी पडलेली शिस्त केस मुलाखतीत, म्हणजे एखाद्या कंपनीची अडचण समोर ठेवून ती सोडवायला लावणाऱ्या मुलाखतीत, नेमकी आड येते. कारण समोरच्याला उत्तराइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, तुम्ही तिथवर कसे पोहोचता हे ऐकायचे असते.

अंदाजाचा प्रश्न घेऊ. पुणे शहरात रोज किती दुचाकींची सर्व्हिसिंग होते? हा आकडा कोणाला पाठ असण्याचे कारण नाही. २०११ च्या जनगणनेत महानगरपालिका हद्दीची लोकसंख्या सुमारे ३१ लाख होती. त्यानंतर शहर वाढले आणि गावेही हद्दीत आली, म्हणून हिशेबापुरते ४० लाख धरतो, असे उघड सांगावे. घरटी चार माणसे धरली तर दहा लाख घरे होतात. काही घरांत गाडीच नाही, काहींत तीन-तीन आहेत, तेव्हा सरासरी दीड धरली की पंधरा लाख दुचाकी. प्रत्येकीची वर्षातून दोनदा सर्व्हिसिंग आणि गॅरेजचे ३०० दिवस काम, म्हणजे रोज दहा हजार.

बहुतेक उमेदवार इथे थांबतात, आणि मला वाटते इथेच चूक होते. दहा हजार हा आकडा पटण्याजोगा आहे का? एक मेकॅनिक दिवसाला पाच गाड्या उरकत असेल तर दोन हजार मेकॅनिक लागतील, आणि एका गॅरेजात दोघे धरले तर एक हजार गॅरेज, म्हणजे चार हजार लोकांमागे एक. आपल्या पेठेत किंवा उपनगरात गॅरेज किती दिसतात ते आठवून हे ताडून पाहता येते. मग वर्षातून दोनदा ही धारणा फार उदार आहे, अनेकजण गाडी अडेपर्यंत गॅरेजची पायरी चढत नाहीत, हे तुम्हीच आधी बोलून दाखवावे. एन्रिको फर्मी या भौतिकशास्त्रज्ञाने १६ जुलै १९४५ रोजी पहिल्या अणुचाचणीच्या वेळी कागदाचे कपटे सोडून, ते धक्क्याने किती दूर उडाले त्यावरून स्फोटाच्या शक्तीचा अंदाज बांधला होता. ढोबळ असले तरी ते तर्काला धरून होते.

आता प्रत्यक्ष केस. समजा, पिशवीबंद दूध विकणाऱ्या एका कंपनीची विक्री दोन वर्षांत वाढली आणि नफा घटला. पहिल्याच मिनिटाला ‘जाहिरात वाढवावी’ म्हणणारा उमेदवार मागे पडतो, कारण विक्री घटलेलीच नाही. खरेदी-विक्रीतला दर लिटरमागचा फरक कमी झाला की वाहतूक-पगारासारखा खर्च वाढला, हे विचारत गेलात की मुलाखत घेणारा माहिती देत जातो. न विचारता ती मिळत नाही. कळते ते असे, की वाहतुकीपूर्वी लिटरमागे पाच रुपये सुटतात आणि टेम्पोच्या एका खेपेला तीन हजार रुपये लागतात. शहरातल्या खेपेत हजार लिटर खपते, म्हणजे वाहतूक लिटरमागे तीन रुपये आणि शिल्लक दोन. वाघोलीपलीकडच्या नव्या खेपेत मात्र तीनशेच लिटर खपते. वाहतूक दहा रुपये पडते आणि लिटरमागे पाच रुपयांचा तोटा होतो.

‘मग ती खेप बंद करावी का?’ असे मुलाखत घेणारा विचारणारच. तीन हजाराला पाचाने भागले की सहाशे लिटर येतात. तेवढे खपले तर खेप ना नफा ना तोटा चालेल. मग वर्षभरात त्या भागात किती नव्या सोसायट्यांत लोक राहायला येतील, तोवर एक दिवसाआड खेप चालेल का, की दूध रोजच लागते म्हणून गिऱ्हाईक तुटेल, या प्रश्नांना अर्थ येतो. चौकटी आणि सूत्रे पाठ असायला हरकत नाही. फक्त दुधाच्या टेम्पोपुढे ती तशीच्या तशी मांडू नका.

वैयक्तिक प्रश्नांत आपली मुले वेगळ्याच कारणाने अडखळतात. पुरुषोत्तम करंडकाला एकांकिका केली, असे एखादी सांगते, आणि मग सगळे वाक्य ‘आम्ही ठरवलं, आम्ही जमवलं’ असे चालते. ‘मी’ म्हणणे आपल्याला आढ्यतेचे वाटते. पण प्रयोगाच्या आठवडाभर आधी नटाने अंग काढून घेतल्यावर बदली माणूस कोणी शोधला, तालमीची वेळ बदलण्यासाठी दिग्दर्शकाशी वाद कोणी घातला, ते तुम्ही केले असेल तर तुम्हीच सांगायचे. अन्यथा समोरचा ते श्रेय कोणाच्याच खात्यावर मांडत नाही.

इंग्रजीबद्दल दोन वाक्ये पुरेत. उच्चार मराठी वळणाचा असल्याने क्वचितच बिघडते. घाईने वाक्य अर्धवट सोडल्याने बिघडते. ऑनलाइन चाचण्यांचे प्रकार कंपनीगणिक आणि वर्षागणिक बदलतात, तेव्हा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा नमुना सोडवून पाहावा आणि क्लासवाल्यांच्या जुन्या संचावर पैसे घालवू नयेत.

सराव मात्र जोडीने करा, आणि निम्म्या वेळी मुलाखत घेणाऱ्याच्या खुर्चीत बसा. त्या बाजूने ऐकताना उमेदवार गप्प राहिला, की तो हिशेब करतो आहे की अडला आहे हे कळत नाही, आणि मदतीचा धागा टाकावा तर कुठे, तेही सुचत नाही. ‘मला अर्धा मिनिट द्या, मी खर्चाची बाजू मांडून पाहतो,’ एवढे त्याने म्हटले की तुम्हाला पुढचा आकडा हातात घेऊन थांबता येते.