दोन रविवार दिसला नाहीत...

(दुबईतल्या आमच्या मंडळाच्या हिवाळी स्नेहमेळाव्यात झालेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून थोडं संपादित केलं आहे.)

नमस्कार मंडळी.

अध्यक्षांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "नाताळ जवळ आलाय, तुम्ही वसईचे, तुमच्याकडचं काहीतरी हलकंफुलकं बोला. पंधरा मिनिटं." मी लगेच हो म्हटलं. वसईकराला बोलायला सांगावं लागत नाही, थांबायला सांगावं लागतं. भाषण तयारच होतं. नाताळगोठ्यांच्या स्पर्धेत आमच्या आळीने बाळ येशूपेक्षा मोठी बदकं कशी ठेवली होती, वगैरे. पण गेल्या आठवड्यात घरात जरा वाजलं आणि बदकं राहिली बाजूला.

झालं असं की धाकट्याचा यंदा दृढीकरण संस्कार आहे, म्हणजे चर्चमधलं कन्फर्मेशन. त्याचे वर्ग शनिवारी सकाळी असतात, आणि शनिवारची सकाळ म्हणजे त्याच्या हिशेबाने मध्यरात्र. आई उठवतेय, हा उठत नाही. मग मी मध्ये पडलो आणि आपल्या सगळ्यांच्या बापांनी वापरलेलं वाक्य टाकलं, "न जाऊन चालेल का? लोक काय म्हणतील?"

पांघरुणातून आवाज आला, "कुठले लोक, बाबा? आपण सहा महिने नाही गेलो तरी तिथे कोणाला कळणार आहे?"

त्याची आई भडकली. उद्धट, आगाऊ, मोबाइल काढून घ्या, सगळं झालं. त्याचं पाहून थोरली म्हणाली, "बरोबरच बोलतोय तो," म्हणून तिलाही बसली. मी गाडीची किल्ली घेऊन खाली गेलो. तो गेला वर्गाला, प्रकरण मिटलं. माझं मात्र मिटलेलं नाही. कारण पोरगं खरं बोललं होतं.

इथलं, दुबईतल्या ऊद मेथाचं सेंट मेरीज चर्च तुम्ही येताजाता पाहिलं असेल. दुबईचे तेव्हाचे शासक शेख रशीद यांनी दिलेल्या जमिनीवर १९६७ पासून उभं असलेलं धर्मग्राम, म्हणजे पॅरिश. जगातल्या सगळ्यात मोठ्या धर्मग्रामांत त्याची गणना होते. सणाच्या दिवशी अंगणात टीव्हीसारखे मोठे पडदे लावतात, आत जागा नसते, माणसं उन्हात उभी राहतात. पुढे फिलिपिनो नर्स, डावीकडे केरळचा फोरमन, मागे लेबनॉनचं अख्खं कुटुंब. मला ते फार आवडतं. पण ह्या आठवड्याला आम्ही सकाळच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, पुढच्या आठवड्याला रात्रीच्या, ज्याला जशी सुट्टी तसं. शेजारी तोच माणूस पुन्हा आलाय असं क्वचितच होतं. तिथे मला चेहऱ्याने ओळखणारा एकच इसम आहे, तो पार्किंगमधला. त्याची ओळखही मी गाडी वाकडी लावतो म्हणून झालेली.

फादरांना दोष देऊ नका. आमच्या चर्चच्या कायद्यात, १९८३ च्या संहितेत, ५२९ वं कलम आहे. धर्मग्रामाच्या धर्मगुरूने आपल्या माणसांना ओळखावं, घरोघर जावं, त्यांच्या काळज्या आणि दुःखात सहभागी व्हावं. कायद्यानेच सांगितलंय! पण मूठभर फादर आणि माणसं लाखांत. रोज दहा घरं केली तरी आमच्या इमारतीपर्यंत पोचेपर्यंत माझी पेन्शन सुरू होईल.

आता वसई. तिथे दोन रविवार मिस्साला दिसला नाहीत तर तिसऱ्याची वाट बघत नाहीत. देवळातून (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) बाहेर पडल्या पडल्या म्हाताऱ्यांची फौज दारात. "काय रे, तुझा पप्पा नाही दिसला?" संध्याकाळपर्यंत कोणीतरी केळ्यांची फणी घेऊन हजर. फणी निमित्ताला, डोळे घरभर. विन्सेंट डी पॉलवाले दोघं एकाच सायकलवर यायचे. ही संस्था १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझनाम नावाच्या विशीतल्या विद्यार्थ्याने मित्रांबरोबर सुरू केली. गरिबाच्या, आजाऱ्याच्या घरी जोडीने जायचं, हा त्यांचा शिरस्ता. आमच्याकडचे दोघं ओट्यावर बसायचे, चहा घ्यायचे, पावसाचं बोलायचे. उठताना एकजण बाजारची पिशवी कोपऱ्यात विसरून जायचा. दर वेळी विसरायचा. आई ती उघडायची, तांदूळ डब्यात ओतायची आणि रिकामी पिशवी घडी करून ठेवून द्यायची, पुढच्या वेळी विसरायला.

हे ऐकून फार गहिवरू नका. मी स्वतः त्या सगळ्याला वैतागलेला मुलगा होतो. प्रवचन सुरू झालं की आम्ही चारपाच जण मागच्या दाराने भेंडीच्या झाडाखाली. घरी आजीची परीक्षा असायची, "आज फादर काय बोलले?" म्हणून एकाला आत ठेवायचो, तो बाहेर येऊन सारांश द्यायचा. एकदा त्याला आत झोप लागली. त्या दिवशी चार घरांत चार वेगवेगळी प्रवचनं सांगितली गेली आणि आज्या विहिरीवर भेटल्या.

इथे इतिहासवाले बरेच बसलेत, म्हणून जरा १७३९ कडे जाऊ. चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली. शाळेत असताना तुमच्याइतकंच जोरात मीही ओरडलोय, त्याबद्दल तक्रार नाही. पण तुमच्यापैकी जे भीमाशंकरला गेलेत, मेणवलीला गेलेत, नाशिकला नारोशंकराच्या देवळात गेलेत, त्यांनी तिथे जी मोठी घंटा पाहिली ती आमच्याकडच्या चर्चची! वाजवलीही असेल. पुण्य निम्मं निम्मं करू. तर घंटा गेल्या, पोर्तुगीज गेले, किल्ल्यातली देवळं पडली, त्यांच्यावर पिंपळ उगवले. आमच्या पूर्वजांना वाटलं असेल की संपलं आता. संपलं नाही. पापडी, सांडोर, नंदाखाल, रमेदी, निर्मळ, ह्या वसईच्या गावांत आज जाऊन बघा. कसं टिकलं म्हणाल तर त्याची साधीसुधी कागदपत्रं माझ्याकडे नाहीत, पण असंच काहीसं दुसरीकडे कसं टिकलं ते लिहून ठेवलेलं आहे.

ते दुसरीकडे म्हणजे जपानात. आणि तिथेही आमचा माणूस आहे. गोन्सालो गार्सिया, जन्म वसईचा, ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत पंचवीस जणांबरोबर क्रुसावर गेला. १८६२ साली पोपनी त्या सव्वीस जणांना संत केलं. (पोप फ्रान्सिस अबुधाबीला आले आणि झायेद स्पोर्ट्स सिटीत मिस्सा केली ती तारीख आठवते? ५ फेब्रुवारी २०१९. लाखाहून जास्त लोक होते. आम्ही वसईकर पहाटेच्या बसमध्ये एकमेकांना सांगत होतो की ही तारीख खास आपल्यासाठी धरलीय. पोपना कोणी कळवलं असेल असं वाटत नाही.)

तर १६१४ साली जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. पुढे एकही धर्मगुरू उरला नाही. देऊळ नाही, मिस्सा नाही, पापांची कबुली ऐकायला कोणी नाही. दोनशेहून जास्त वर्षं. मग नागासाकीत परदेशी लोकांसाठी एक चर्च बांधायला परवानगी मिळाली, ओउरा इथे, आणि ते ह्याच सव्वीस हुतात्म्यांच्या नावाने बांधलं. १७ मार्च १८६५ ला उराकामी गावची काही माणसं तिथे आली आणि फ्रेंच फादर पतिजाँ यांना हळूच म्हणाली, आमचं मन तुमच्यासारखंच आहे. म्हणजे आम्हीही ख्रिस्तीच.

एवढी वर्षं त्यांनी कसं धरून ठेवलं? त्यांनी गावात कामं वाटून घेतली होती. एकजण पंचांग सांभाळायचा, कुठला सण कधी, उपवास कधी. एकजण बाप्तिस्म्याचं पाणी घालायचा. आणि तिसरा घरोघर निरोप न्यायचा. बास. सण कधी ते घराघरात जाऊन सांगायचं, एवढंच त्याचं काम. मला वाटतं ह्या तिघांत तोच महत्त्वाचा. पंचांग पाठ करता येतं आणि पाणी कोणीही घालू शकतो. पण रोजच्या वाटेने जाऊन प्रत्येक दारात डोकावणारा माणूस असला की कोण आजारी, कोण घाबरलंय, कोण सोडून द्यायच्या बेतात आहे ते आपोआप कळतं.

मार्च २०२० मध्ये इथली सगळी प्रार्थनास्थळं बंद झाली, तिकडे वसईतही कुलपं. रविवारी टीव्हीसमोर मिस्सा. पहिल्या आठवड्यात आम्ही नीट कपडे करून गुडघे टेकले. पुढे पुढे मी चहाचा कप घेऊन बसू लागलो. दुसऱ्या लाटेत माझी आत्या गेली. कोविडने नव्हे, वयाने, पण काळ तोच. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा, विमानं नाहीत. आम्ही इथे लॅपटॉप लावून बसलो. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा दिसत होता, किती जण बघतायत त्याचा, आणि तो वाढत चालला होता. बाजूला एकाखाली एक हात जोडलेले, मेणबत्त्या. एवढ्यात एका बाईंची ओळ आली, "माळ ठेवली नाही का हातात? तिची निळी माळ?"

थोड्या वेळाने पडद्यावर दिसलं, मास्क लावलेल्या एका मुलीने फोन बघितला, उठली, बाहेर गेली. फादर प्रार्थना म्हणत होते. ती धापा टाकत परत आली आणि तिने माळ आत्याच्या बोटांत गुंडाळली. ती ओळ लिहिणाऱ्या बाई कॅनडात होत्या, हे नंतर कळलं. तीस वर्षांपूर्वी गाव सोडलेल्या. त्यांना माळेचा रंग माहीत होता.

आता मी धाकट्याच्या प्रश्नाकडे परत येतो, कारण तो फक्त चर्चचा प्रश्न नाही. ह्या हॉलमध्ये निम्म्याहून जास्त लोकांचा चर्चशी संबंध नाताळच्या केकपुरता आहे, तुम्हालाही तो लागू आहे. आपल्या गणपतीच्या मखराला स्वतंत्र व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्या ग्रुपचा एक उपग्रुप आहे आणि त्यात फक्त फुलांची चर्चा होते. फार सुंदर मखर असतं. पण आपल्यातल्या एका घरची नोकरी गेली तेव्हा आपल्याला कधी कळलं? त्यांनी फ्रिज विकायला टाकला तेव्हा. आणि फोटोखाली पहिला प्रश्न काय आला? "शेवटची किंमत?" त्या घरातली बाई आपल्या दिवाळीच्या नाटकात तीन वर्षं काम करत होती, मंडळी. सामान गेलं, माणसं गेली, आणि पुढच्या नाटकाच्या वेळी कोणीतरी विचारलं, अगं ती कुठेय?

आम्ही वसईकर काही वेगळे नाही. इथेसुद्धा आमच्यात रमेदीचे वेगळे जमतात, नंदाखालचे वेगळे. सहलीला इंदियालचं कालवण कोणाकडचं, ह्यावर दोन दोन आठवडे खल होतो. आजाऱ्याला बघायला जायचं म्हटलं की सगळे ट्रॅफिकमध्ये.

पण गावाकडच्या त्या नजरेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दोन रविवार दिसला नाही की विचारणारे लोक, तो कुठे दिसला तेही विचारत होते. आमच्या आळीतल्या एका मुलीने जातीबाहेर, धर्माबाहेर लग्न केलं आणि ती त्या नजरांमुळेच वर्षानुवर्षं देवळाची पायरी चढली नाही. दारू पिणारा माणूस दारूपेक्षा चौकश्यांनी जास्त खचायचा. तांदळाची पिशवी आणणाऱ्यांच्या तोंडून घरची गोष्ट कधी बाहेर गेली नाही, म्हणून ते मोठे. फणी आणणाऱ्यांच्या बाबतीत तेवढी खात्री देता येणार नाही.

वर्गातून घरी येताना गाडीत मी धाकट्याला हे सगळं सांगितलं. नागासाकी, निरोप्या, सायकल. त्याने हेडफोन काढून ऐकलं, म्हणजे विषय गंभीर होता. मग मी विचारलं, "आपण दिसलो नाही आणि असं कोणी घरी आलं, तर तुला बरं वाटेल ना?" तो म्हणाला, "मेसेज न करता? डायरेक्ट दारात? बाबा, मला भीती वाटेल." हा त्याचा दोष नाही. आपणच त्याला शिकवलंय, बेल वाजली तर आधी भोकातून बघ.

माझा चुलतभाऊ अजून गावी आहे आणि विन्सेंट डी पॉलमध्ये आहे. त्याच्याशी परवा बोललो. मला वाटलं होतं, तिकडे तरी सगळं जागच्या जागी असेल. तो म्हणाला, जुन्या आळीत निम्म्या घरांना कुलपं आहेत, पोरं तुमच्यासारखी बाहेर. नवी माणसं सगळी संकुलांत. तमिळ, मल्याळी, मंगळूरचे, आपल्याच धर्मग्रामातले, पण त्यांच्या दारापर्यंत पोचायचं कसं? फाटकावर वही असते. नाव, फ्लॅट नंबर, कोणाकडे, काम काय. त्याने सुरुवातीला "भेट" लिहिलं. वॉचमनने वर फोन लावला, वरच्यांनी ओळखत नाही म्हणून सांगितलं, आणि दोघं खालूनच परत आले.

आता तो त्या रकान्यात "कुरियर" लिहितो. लगेच सोडतात म्हणे.