बटण दाबून पाहा

नमस्कार श्रोतेहो.

रेडिओवरून व्हिडिओ गेमबद्दल बोलायचं म्हणजे फोनवरून चित्र दाखवायला निघाल्यासारखं आहे. तरी आज तो उद्योग करणार आहे. कारण शोक आणि डिप्रेशनवरच्या ज्या छोट्या, दोन-चार तासांच्या गेमविषयी मला सांगायचंय, त्यांतली खरी गंमत, म्हणजे गंमत हा शब्द इथे शोभत नाही, पण ती पडद्यापेक्षा खेळणाऱ्याच्या अंगठ्यात जास्त असते.

बार्सिलोनाच्या नोमाडा स्टुडिओचा 'ग्रिस' हा गेम २०१८ च्या डिसेंबरात आला. सुरुवातीलाच एक मुलगी गाता गाता थांबते. आवाजच जातो तिचा. ज्या भल्यामोठ्या दगडी मूर्तीच्या तळहातावर ती असते, ती मूर्ती तडकते, ढासळते, आणि मुलगी खाली येऊन पडते. खाली सगळं करडं. आता सूत्रं तुमच्या हातात. गेम खेळणाऱ्याचा अंगठा सवयीनं उडीच्या बटणावर जातो. तुम्ही दाबता. मुलगी उडी मारायच्या ऐवजी गुडघ्यांवर बसते. चार पावलं चालवून पुन्हा दाबा, पुन्हा बसते. मला वाटलं, कंट्रोलर गेला. अगदी बॅटऱ्या काढून परत घातल्या मी. मग उजेड पडला.

व्हिडिओ गेमचा आणि आपला एक साधा करार असतो. तू बटण दाब, मी काहीतरी करतो. माणूस उडी मारतो, गाडी पळते, दार उघडतं. हा करार इतका अंगवळणी पडलेला असतो की तो मोडला की आपण आधी यंत्राला दोष देतो. आणि डिप्रेशन आलेल्या माणसाचं स्वतःच्या शरीराशी नेमकं हेच झालेलं असतं. उठायचं ठरवलंय, अंग उठत नाही. फोन वाजतोय, उचलायचाय, हात पुढे होत नाही. हे शब्दांत सांगायला गेलं की ऐकणारा म्हणतो, "अरे, मग ऊठ ना!"

या "ऊठ ना"ला सगळ्यांत सरळ उत्तर ज्या गेमनं दिलं, तो दिसायला अगदीच गरीब आहे. 'डिप्रेशन क्वेस्ट', साल २०१३. झोई क्विन यांनी पॅट्रिक लिंडसी यांच्या साथीनं लिहिला, संगीत आयझॅक शँक्लर यांचं. धावणं नाही, उड्या नाहीत, नुसता मजकूर. ट्वाइन नावाचं फुकट मिळणारं साधन आहे, ज्याला प्रोग्रामिंग येत नाही तोही त्यात फाटे फुटणारी गोष्ट रचू शकतो. हा गेम त्यात केलेला. तुम्ही विशीतली एक व्यक्ती आहात. नोकरी आहे, कंटाळवाणी. ॲलेक्स नावाची जोडीदार आहे. चारचौघांसारखंच सगळं.

प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी पर्याय येतात. सगळ्यांत वर असतो शहाणपणाचा पर्याय: जा, मोकळेपणानं बोल, मिसळ लोकांत, अशा धर्तीचा. तो लिहिलेला असतो, नीट वाचता येतो, आणि त्यावर लाल रेघ मारलेली असते. क्लिक केलं तरी काही होत नाही. तुमची अवस्था जसजशी खालावते, तसतसे वरून एकेक पर्याय खोडले जातात. शिल्लक राहतं ते काहीतरी कारण काढून टाळण्यासारखं, पडून राहण्यासारखं.

मेख अशी आहे की पर्याय खोडलाय, काढून टाकलेला नाही. यादीतून तो गाळून टाकणं सोपं होतं. पण मग असं वाटलं असतं की या माणसाला बिचाऱ्याला सुचतच नाही. आणि सुचत नाही हे खोटं आहे. काय करायला हवं ते त्याला तोंडपाठ असतं. इतक्यांनी इतक्यांदा सांगितलेलं असतं! तो ती ओळ वाचतो, आणि खालच्या ओळीवर येतो.

पानाच्या तळाशी आणखी तीन नोंदी असतात. डिप्रेशन किती आहे, थेरपिस्टकडे जाणं चालू आहे का, औषधं चालू आहेत का. या नोंदी बदलल्या की वरच्या लाल रेघाही हळूहळू हलतात. औषध सुरू केलं आणि सगळी दारं धाडकन उघडली, असं होत नाही. एखादी रेघ जाते, एखादी राहते. गोळीची जाहिरात नाही आणि गोळीची भीतीही नाही, हे मला फार आवडलं. 'याला गेम तरी म्हणायचं का' यावर तेव्हा बरीच डोकेफोड झाली. मी त्यात पडत नाही. मी त्या लाल रेघेवर चार वेळा क्लिक केलं होतं, माझ्यापुरता निकाल लागला.

इथे थोडं थांबून एक फरक सांगायला हवा. शोक आणि डिप्रेशन एकमेकांसारखे दिसले तरी एक नव्हेत. शोकाला एक नाव असतं, गेलेल्या माणसाचं. तो लाटांनी येतो, दोन लाटांच्या मध्ये माणूस पोट धरून हसूही शकतो. डिप्रेशनमध्ये ती मधली जागाच हरवते, आणि पुष्कळदा कारणही सापडत नाही. शोक कधी कधी हटतच नाही, हेही खरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली, तिच्यात अशा लांबलेल्या शोकाला विकार म्हणून वेगळी जागा आहे. निदान सहा महिने तरी तो टिकलेला असावा लागतो.

गेमवाले मात्र दोन्ही एकाच गाठोड्यात बांधतात. 'ग्रिस'च्या पाठीशी मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेले पाच टप्पे आहेत: नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार. मुळात त्या बोलल्या होत्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी. मागे राहिलेल्यांना ते टप्पे नंतर चिकटवले गेले. आणि गेमला टप्पे आवडणारच, टप्पा म्हणजे लेव्हल! लाल रंग परत मिळाला, मग हिरवा, मग निळा, चला पुढे. माझी कुरकुर इथेच आहे. शोकात माणूस तिसरी लेव्हल पार करून पुन्हा पहिलीत येऊन बसतो, आणि त्याला कोणी गुण देत नाही. 'ग्रिस'चे चित्रकार कॉनराड रोसेत यांची चित्रं पाहून डोळे निवतात हे मान्य. पण जरा जास्तच निवतात.

त्या मानानं 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर' ओबडधोबड आहे. माणसांच्या चेहऱ्यांना नाक-डोळेसुद्धा नाहीत. रायन आणि एमी ग्रीन या अमेरिकन जोडप्याचा मुलगा जोएल, वर्षाचा असताना त्याला मेंदूचा दुर्मीळ कॅन्सर असल्याचं कळलं. तो जिवंत असतानाच आईवडिलांनी गेम करायला घेतला. मार्च २०१४ मध्ये, पाच वर्षांचा होऊन, जोएल गेला. गेम आला १२ जानेवारी २०१६ ला. त्या दिवशी तो सात वर्षांचा झाला असता. गेममधलं जोएलचं हसणं खरं आहे, घरी रेकॉर्ड केलेलं.

त्यातली ती हॉस्पिटलची रात्र. बाळाच्या अंगातलं पाणी कमी झालंय, पाजलेलं पोटात ठरत नाही, आणि ते रडतंय. तुम्ही बाप आहात. खुर्चीत बसा, उठा, पाजून बघा, कडेवर घ्या, फेऱ्या मारा. जिथे जिथे क्लिक करता येतं तिथे मी केलं. रडणं थांबेना. शेवटी मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. गेम बंद करायचं धैर्य झालं नाही, आणि टेबलावरून तो आवाज बारीक, डासाच्या गुणगुणीएवढा, येतच राहिला. श्रोतेहो, आजच्या सगळ्या बोलण्यात रेडिओवर ऐकवता येण्यासारखी ही एकच गोष्ट होती. मी ती आणलेली नाही.

डिप्रेशनची दुसरी एक जात असते, जिच्यात हात थांबत नाहीत. बाहेरून माणूस रोज कामावर जातो, आणि आत कुठेतरी निघून गेलेला असतो. 'व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच' या जायंट स्पॅरो स्टुडिओच्या २०१७ च्या गेममध्ये लुइस नावाचा तरुण मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात काम करतो. तुमचा एक अंगठा त्याचा हात चालवतो: मासा ओढा, पात्याखाली सरकवा, मुंडकं उडवा, धड पट्ट्यावर टाका. पुन्हा मासा. दुसऱ्या अंगठ्यानं तुम्ही त्याच्या कल्पनेतल्या माणसाला चालवता. सुरुवातीला ते कल्पनेतलं जग पडद्याच्या कोपऱ्यात, साध्या रेघांचं. कानावर त्याच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंचं पत्र पडत असतं, त्याच्या आईला लिहिलेलं. मग त्या जगात रंग येतात, नगरं येतात, नौका निघतात, आणि ते पसरत पसरत कारखान्याला झाकून टाकतं. केव्हातरी माझ्या लक्षात आलं की अंगठा अजून मासे कापतोच आहे. कधीपासून न बघता कापतोय, ते मला सांगता आलं नसतं. लुइसचं पुढे काय होतं ते इथे सांगणार नाही. ज्याचं मन सध्या फार खचलेलं असेल, त्यानं हा भाग एकट्यानं खेळायला घेऊ नये एवढंच.

आणखी एक गेम, आणि त्याचा शेवट मी फोडणार आहे. ज्यांना तो खेळायचाय त्यांनी दोन मिनिटं रेडिओचा आवाज कमी करा.

'ब्रदर्स', २०१३ चा. दिग्दर्शक जोसेफ फारेस, मूळचे चित्रपटांतले. दोन भाऊ आजारी बापासाठी औषध आणायला निघतात. कंट्रोलरच्या डाव्या बाजूला थोरला, उजव्या बाजूला धाकटा. एकटा माणूस दोघांना एकदम चालवतो, त्यामुळे पहिला तासभर दोघे एकमेकांवर आपटत राहतात. धाकट्याच्या डोळ्यांदेखत आई बुडालेली आहे, म्हणून तो पाण्याला भितो. नदी आली की थोरल्याच्या पाठीला चिकटतो आणि थोरला पोहतो, डाव्या बटणावर.

पुढे थोरला जातो. त्याला पुरायचं कामही तुम्हालाच, एका हातानं. त्यानंतर डावा अंगठा रिकामा. मी तो कंट्रोलरवरून काढलाही नव्हता, पण त्याला काम नव्हतं. धाकटा औषध घेऊन एकटाच घराजवळ येतो, तर वाटेत पाणी. उजव्या बाजूनं पुढे न्या, तो मागे सरतो. पुन्हा न्या, पुन्हा मागे. मी बराच वेळ तिथे उभी होते. मग, सुचलं असंही म्हणता येणार नाही, सवयीनं डावं बटण दाबलं गेलं. मेलेल्या भावाचं.

धाकटा पाण्यात उतरला आणि पोहू लागला. पलीकडचा काठ लागेपर्यंत मी ते बटण सोडलं नाही.