नंबर जुना, माल नवा

हा काळा स्क्रीन बघा. २०१४ सालचा एप्रिल महिना, एका लिनक्स सर्व्हरवर ओपनएसएसएलचं, म्हणजे इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, व्हर्जन विचारलंय आणि उत्तर आलंय १.०.१ई. बाहेर नुसती बोंबाबोंब चाललीय, हार्टब्लीड नावाचं भगदाड सापडलंय, १.०.१ पासून १.०.१एफ पर्यंत सगळे धोक्यात, लगेच १.०.१जी टाका. अ‍ॅडमिनने घाईघाईत अपडेट मारलं, परत तीच कमांड दिली, आणि परत तेच, १.०.१ई. पोटात गोळाच.

पण अपडेट लागलं होतं बरं का. ती लिनक्स बनवणाऱ्या रेड हॅट कंपनीने दुरुस्तीपुरत्याच ओळी उचलून जुन्या व्हर्जनमध्ये बसवल्या होत्या आणि नंबर तसाच ठेवला होता, बदलला फक्त पॅकेजच्या नावाच्या शेपटीतला आकडा, जो सहसा कोणी वाचत नाही. यालाच बॅकपोर्ट म्हणतात.

आता गंमत ऐका. हे भगदाड त्या सिस्टीमवर मुळात आलं कुठून? रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ६ मध्ये आधी ओपनएसएसएल १.०.० होतं, त्यात हार्टबीट, म्हणजे जोडणी जिवंत आहे का ते तपासणारं फीचर, मुळी नव्हतंच, मग त्यातला हार्टब्लीडचा बग तरी कुठून असणार. नोव्हेंबर २०१३ मध्ये ६.५ आलं आणि त्यात १.०.१ई आणलं गेलं, त्याच्यासोबत टीएलएस १.२, म्हणजे सुरक्षित जोडणीची नवी पद्धत, मिळालं, आणि ते लोकांना हवंच होतं, ती मागणी अजिबात चुकीची नव्हती. पण त्याच्या मागोमाग हार्टबीटही आत शिरलं, कोणी बोलावलं नव्हतं तरी. जे ६.४ वरच बसून राहिले, ज्यांना एरवी आपण आळशी म्हणतो, ते या बाबतीत वाचले! डेबियन या दुसऱ्या लिनक्सचं तेव्हाचं जुनं रिलीज, स्क्वीझ, ०.९.८ वर होतं, तेही सुटलं.

म्हणून नवीन काही घ्यायचंच नाही असं म्हणणाऱ्यातला मी नाही. नवाकोरा लॅपटॉप आणला आणि जुन्या कर्नलला, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याला, वायफाय कार्ड ओळखताच येत नाही, तर ती स्टेबल सिस्टीम काय चाटायचीय? लिनक्सच्या स्टेबल कर्नलचे नियम तसे कडक आहेत, पॅच, म्हणजे बदलाचा तुकडा, आजूबाजूच्या ओळी धरून १०० ओळींच्या आत हवा, आधी मेनलाइनमध्ये, म्हणजे लिनक्सच्या मुख्य कोडमध्ये, गेलेला हवा, तरी तिथेसुद्धा नवीन डिव्हाइसचा आयडी घालायला परवानगी आहे. एखादी ओळ असते, आणि चुकलीच तर बहुतेक वेळा ज्याच्याकडे ते डिव्हाइस आहे त्यालाच त्रास. असं असेल तर माझं मत, घ्या बिनधास्त.

डेबियनने वेगळीच वाट काढली. बॅकपोर्ट्सची रिपॉझिटरीच, म्हणजे पॅकेजेसचं कोठारच, निराळी, पुढच्या रिलीजसाठी तयार होत असलेली पॅकेजेस स्टेबलवर परत बिल्ड करून तिथे ठेवायची. नेहमीच्या पॅकेजला प्रायोरिटी ५००, यांना १००, म्हणजे तुम्ही स्वतः नाव घेऊन मागितल्याशिवाय काही येत नाही. मला हे पटतं, कारण ज्याला हवं त्याने घ्यावं, बाकीच्यांच्या सर्व्हरला हात लागत नाही.

खरा त्रास नंतरचा असतो, जो फीचर मागताना कोणाच्या डोक्यातच येत नाही. रेड हॅट ८ चा कर्नल म्हणायला ४.१८, पण वर्षानुवर्षं इतकं काही मागे आणून घातलंय की तो धड ४.१८ ही राहिला नाही आणि नवाही झाला नाही. अशा कोडवर मेनलाइनची दुरुस्ती लावायला गेलं की "हंक फेल्ड", म्हणजे तुकडा बसला नाही, असा मेसेज येतो, डॉट रेज नावाची फाईल पडते, आणि त्यातले न बसलेले तुकडे एकेक करून हाताने बसवावे लागतात, कारण तिकडे फंक्शनचं नाव बदललंय, इकडे एक आर्ग्युमेंट कमी आहे. रात्री हे करत कोणीतरी मेंटेनर, म्हणजे तो कोड सांभाळणारा, बसलेला असतो, आणि ज्याने फीचरसाठी हट्ट धरला होता तो तोपर्यंत पुढच्या रिलीजवर निघूनही गेलेला असतो.