पहाटे पाचचा तास

(मराठी भाषा गौरव दिनानिमित्त शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

शिक्षक मित्रमैत्रिणींनो,

मला 'शाळा आणि इंटरनेट' असा मोठा विषय दिला आहे. मी त्यातल्या एका पहाटेबद्दल बोलणार आहे.

साल १९९८. दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच भरली होती. मी नववीत, सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी. देशात इंटरनेट सगळ्यांसाठी खुलं झालं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. विदेश संचार निगम या सरकारी कंपनीनं आधी मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा महानगरांत ते दिलं. आमच्या गावातून तीन वर्षांनंतरही लोकल कॉलवर ते लागत नव्हतं. पुण्याचा नंबर फिरवायचा, म्हणजे एसटीडी, परगावचा महागडा कॉल. दिवसाच्या दरानं शाळेला ते झेपणारं नव्हतं. पण रात्री उशिरापासून पहाटे सहापर्यंत एसटीडी चौथाई दरात मिळायची. पीसीओपुढे, म्हणजे पैसे देऊन फोन करायच्या दुकानांपुढे, रात्री रांगा लागायच्या त्या त्यासाठीच. म्हणून आमच्या विज्ञानाच्या सरांनी तास ठेवला पहाटे पाचला.

आम्ही बाराजण होतो, त्यात पाच मुली. मुलींच्या घरी सर स्वतः जाऊन विचारून आले होते. माझी आई बॅटरी घेऊन मला सोडायला आली आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसून राहिली. थंडी होती. सर म्हणाले, "वहिनी, बाहेर का? आत या." चपला काढून ती आत आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या फोनची वायर खिडकीतून संगणकाच्या खोलीत ओढून घेतली होती. फोनच्या तारेवरून संगणक इंटरनेटला जोडणारा मोडेम खरखरला, किंचाळला, गप्प झाला. लाइन तुटली. पुन्हा फिरवला. तिसऱ्या खेपेला लागला आणि सरांनी फळ्यावर वेळ लिहिली : ५ वाजून ११ मिनिटं. प्रश्न आम्ही आदल्या दिवशीच वहीत लिहून आणले होते. प्रत्येकाचा एक.

पहिला प्रश्न मंगळाचा होता. १९९७च्या जुलैत पाथफाइंडर यान तिथं उतरलं होतं, ते आम्ही वर्तमानपत्रात वाचलं होतं. चित्र वरून खाली, पट्ट्यापट्ट्यानं उतरू लागलं. आधी नुसतं पिवळट तांबूस आभाळ. मग क्षितिजाची रेघ. मग दगड. मिनिटभर कुणी हललं नाही. दगडांत उभी असलेली ती छोटी गाडी दिसली तेव्हा शेजारच्या मुलीनं माझा दंड घट्ट धरला होता. आजही चित्र झटकन उघडलं की ती पकड आठवते.

माझा प्रश्न होता, 'मराठी बातमी दिसते का?' सरांनी एका दैनिकाचं पान उघडलं. पडद्यावर आलं ते वाचताच येईना. कंस, टक्क्याची खूण, डोक्यावर टोप्या घातलेली रोमन अक्षरं, त्यांत मधेच प्रश्नचिन्ह. मला रडू आलं. मंगळावरचे दगड स्पष्ट दिसत होते आणि मराठी तेवढी दिसत नव्हती.

सर म्हणाले, "थांब, फॉन्ट घ्यायला लागेल." त्या काळी प्रत्येक दैनिकाचा फॉन्ट वेगळा. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवलेली असायची. तो फॉन्ट तुमच्या संगणकात असेल तर 'क' दिसणार, नसेल तर त्या जागेचं मूळ रोमन अक्षर. फाइल लहानशीच होती, पण लाइन मधेच तुटली आणि सगळं पहिल्यापासून. सहाला सात मिनिटं असताना फॉन्ट बसला. सरांनी पान पुन्हा उघडलं.

अक्षरं उभी राहिली. काना, मात्रा, वेलांटी, सगळं. आणि आमच्यातलं कुणी वाचायच्या आधी मागून आवाज आला, "कांद्याचे भाव..." आई वाचत होती. चौथी शिकलेली माझी आई, एकेक शब्द सोडवत, मोठ्यानं. त्या वर्षी कांदा भडकला होता, दिल्लीत निवडणुकीत त्याचाच गाजावाजा होता आणि आमचा कांदा पावसानं शेतातच सडला होता. तिनं सगळी बातमी वाचली. सरांनी लाइन तोडली नाही. सहा वाजून गेले, दर चढला, तरी तोडली नाही.

त्या फॉन्टांची अडचण मला पुढे कळली. मराठी दिसायची, पण शोधता यायची नाही. 'कांदा' लिहून शोधलं तर काही सापडणार नाही, कारण यंत्राच्या लेखी तिथं कांदा नव्हताच, रोमन अक्षरं होती. युनिकोड या जगभरच्या लिप्यांसाठीच्या सामाईक पद्धतीनं ते बदललं. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला, कुठल्याही फॉन्टमध्ये 'क' हा 'क'च. विंडोज एक्सपीवर त्यासाठी मूळ सीडी घालून वेगळी सोय बसवावी लागे. मी डी.एड.ला असताना सायबर कॅफेवाल्या दादांना गळ घालून ती बसवून घेतली, इनस्क्रिप्टची, म्हणजे देवनागरी टाइप करायची, कळपाटी कागदावर काढून शिकले. मराठी विकिपीडिया १ मे २००३ला, महाराष्ट्र दिनीच, सुरू झाला. त्यावर माझ्या गावाबद्दलच्या पहिल्या चार ओळी मी टाइप केल्या तेव्हा शेजारी आई नव्हती. त्या छापून घरी नेल्या. तिनं त्यातली ओढ्याच्या नावाची चूक काढली.

आता माझ्या वर्गातली पोरं फोनला मराठीत बोलून विचारतात, आणि उत्तर येतं. मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण प्रश्नांची वही मी चालूच ठेवली आहे. फोनला विचारण्याआधी प्रश्न वहीत उतरवायचा. परवा पाचवीतल्या एकानं लिहिलं, 'आमच्या वाडीच्या ओढ्याचं नाव नकाशात का नाही?' वर्गात विचारलं तर तीन मुलांनी तीन नावं सांगितली. वरच्या अंगाला एक, पुलापाशी एक, खाली नदीला मिळतो तिथं तिसरंच.

येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही ओढ्याकाठानं चालत जाणार आहोत. वाडीतल्या दोन आज्या यायला तयार आहेत. नावं त्या सांगतील, मुलं लिहून घेतील, आणि सोमवारी टाइप करायला बसतील.