रांगोळीतली पाच बोटं

नमस्कार श्रोतेहो. माझा भाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्याची आंतरजिल्हा बदली झाली आणि मेळघाटातल्या सेमाडोहचं बिऱ्हाड बदलापूरला, आमच्याच सोसायटीत आलं. भाचा सात वर्षांचा, सिपना नदीत डुंबत वाढलेला. इथे आल्यावर रात्र रात्र जागा. तिकडे वानर खाकरलं की पोराला कळायचं, बिबट्या फिरतोय. इथे पाण्याची मोटर सुरू झाली, वॉचमनची शिट्टी वाजली, की हा ताडकन उठून बसायचा. गोंगाटाचं काही नाही हो, आवाज ओळखीचा नव्हता. पुन्हा सांगते, आवाज ओळखीचा नव्हता.

त्याच सुमारास सोसायटीतल्या पपया रात्रीतून पोखरल्या जाऊ लागल्या. एकच झाड आहे. मातीची जागाच तेवढी उरलीय, बाकी सगळे पेव्हर ब्लॉक. ते ज्याने शोधले, त्याला मे महिन्यात भर दुपारी त्यांच्यावर अनवाणी उभं करायला हवं. असो. तर संशय अर्थातच वॉचमनवर. गरिबावर आळ घ्यायला आपल्याला पुरावा लागत नाही.

भाचा गच्चीवर गेला आणि टाकीमागून मला हाक मारली, "आत्या, ही विष्ठा बघ." बघते तो काय, सगळ्या पपईच्या बिया! संध्याकाळी पोराने माझा रांगोळीचा डबा उचलला, गाळणीने कठड्यावर पातळ थर दिला, वरून हाताने सारखा केला. मेळघाटात वनरक्षक वाघाच्या ठशांसाठी बारीक माती पसरायचे, ते बघितलेलं ना!

सकाळी सेक्रेटरी, वॉचमन, मी गाऊनवर ओढणी घेऊन, सगळे गच्चीवर. रांगोळीत ठसे. भाचा उकिडवा बसून म्हणाला, "मोजा. मांजराची चार बोटं उमटतात. ही पाच आहेत." उदमांजर! कोकणातले लोक कांडेचोर म्हणतात तेच. दिवसा कुठेतरी झोपायचं, रात्री केबलवरून चालत यायचं.

सेक्रेटरींनी वॉचमनची माफी काही मागितली नाही. पण वॉचमन आता रात्रीच्या फेरीनंतर भाच्याला अहवाल देतो.

असं नव्या गावी आलेल्या मुलाला लगेच चार क्लास लावू नका. आधी आवाज ओळखू द्या, कसला कुठून येतो ते सांगा. एवढंच मला कळलंय. बाकी मानसशास्त्र तज्ज्ञांना विचारा.

परवा मी भावाकडे झोपले होते. रात्री दोनला खिडकीच्या पत्र्यावर धप्प झालं. मी दचकून उठले. भाचा कुशीवर वळत पुटपुटला, "तोच आहे, झोप."