रेवदंडा, कोर्लई, कुलाबा एका दिवसात: ओहोटीची वेळ नको, आकडा बघा

नमस्कार मंडळी! चौल-रेवदंड्याचं नाव काढलं की कमेंटमध्ये एक प्रश्न हमखास येतो: "कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं का?" येतं, ओहोटीला; किल्ला अलिबागच्या किनाऱ्यासमोर समुद्रात आहे. आणि त्याच्या खालोखाल दुसरा, जरा रडवेला: "मोबाइलवर ओहोटी बाराची दाखवत होती, बरोबर बाराला पोचलो, तरी मांडीभर पाणी. असं कसं?" आजचा व्हिडिओ या दुसऱ्या प्रश्नासाठी.

जायचं कसं ते पटकन उरकतो. गेटवेहून लाँचने मांडवा, तिथून अलिबाग. पावसाळ्यात लाँच बंद, तेव्हा रो-रो (गाड्या नेणारी मोठी बोट) चालू आहे का बघा, नाहीतर वडखळमार्गे रस्ता आहेच. अलिबागहून रेवदंडा साधारण १७ किलोमीटर. पुढे कुंडलिका नदीवरचा साळावचा पूल ओलांडला की कोर्लई. मुरुडकडे जाणारी एसटी पकडा. झालं.

हो, आणि हा कुलाबा अलिबागचा. मुंबईतल्या कुलाब्याला शोधत बसू नका. १९८१ पर्यंत या अख्ख्या जिल्ह्याचं नावच कुलाबा होतं, नंतर ते रायगड झालं. दर व्हिडिओखाली हे लिहावं लागतं, म्हणून आज बोलून टाकलं.

आता मुद्द्याचं. ओहोटीची वेळ नका बघू, आकडा बघा, म्हणजे तक्त्यात ओहोटीपुढे लिहिलेली पाण्याची उंची, मीटरमध्ये.

ओहोटी दिवसातून दोनदा येते, पण रोज सारखी उतरत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. आपल्या किनाऱ्यावर तेव्हा भरती साडेचार-पाच मीटरपर्यंत चढते आणि ओहोटीला पाणी अर्ध्या मीटरच्या आसपास येतं. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांग, म्हणजे उधाणाच्या उलट. तेव्हा भरतीही बेताची, साडेतीनच्या आसपास, आणि ओहोटीही बेताची, दीड-पावणेदोन मीटरवर थांबते. म्हणजे भांगाच्या दिवशी समुद्र उतरून उतरून जिथे थांबतो, तिथे उधाणाच्या ओहोटीपेक्षा मीटरभर पाणी जास्तच असतं. मीटरभर म्हणजे मोठ्या माणसाची कंबर. लहान मुलाचं काय ते तुम्हीच बघा.

यातली खोच अशी की भांगाची ओहोटी येते दुपारी बारा-एकला. जेवायच्या आधी किल्ला, मग मासे, असा बेत आखायला एकदम सोयीची वेळ. म्हणून सगळे त्याच दिवशी येतात आणि मांडीभर पाण्यात उभे राहून मोबाइलला शिव्या देतात. मोबाइल बरोबर होता हो! ओहोटी बारालाच होती. फक्त ती ओहोटी भांगाची होती.

मोबाइल नसेल तर? कोळीवाड्यात हा हिशेब बोटांवर होतो. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी आहे? चार गुणिले पाऊण, तीन. दुपारी तीनला भरती, पहाटे तीनलाही भरती. त्यात सहा मिळवा किंवा वजा करा, की ओहोटी: नऊ. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरून चाला, पंचांग म्हणजे घड्याळ नव्हे. पण दिवस ठरवायला एवढं पुरतं.

आता दोन्ही गोष्टी एकत्र करा. उधाणाचा जोर अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी सगळ्यात जास्त असतो. म्हणजे द्वितीया, तृतीया, चतुर्थी. पाणी चांगलं खोल उतरतं आणि ओहोटी सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान. हेच दिवस धरा. सकाळी उठवत नसेल तर त्रयोदशी-चतुर्दशी, ओहोटी दुपारी पावणेचार-साडेचारला. ऐन पौर्णिमेला ओहोटी पहाटे आणि दिवेलागणीला, म्हणून पाणी उतरूनही तुमच्या कामाचं नाही.

(स्क्रीनवर भरती-ओहोटीचा तक्ता)

तक्त्यात दोन ओहोट्यांपुढे दोन वेगळे आकडे दिसतील, सकाळी वेगळा, संध्याकाळी वेगळा. एकाच दिवशी! त्यामुळे "आज उधाण आहे ना, मग झालं" असंही नाही. आपण जाणार त्या ओहोटीपुढचा आकडा वाचायचा. जितका लहान, तितकी वाट कोरडी. आणि किनाऱ्यावर उतरल्यावर घोडागाडीवाल्याला विचारा. तो हो म्हणाला तर तक्ता खिशात टाका, नाही म्हणाला तरीही टाका.

तिसरी बाजू, आणि इथेच खरा धोका आहे: परतीची. ओहोटीची वेळ ही निघायची वेळ नाही. ती वेळ म्हणजे तुम्ही किल्ल्यात असायची वेळ. ओहोटीच्या तास-दीड तास आधी वाळूवर उतरा, आणि ओहोटीनंतर तासाभरात अलिबागच्या किनाऱ्यावर परत या. का? पाणी सहा तासांत एका चालीने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग करा. पहिल्या तासाला एक भाग, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या-चौथ्याला तीन-तीन, मग पुन्हा दोन, शेवटी एक. चार मीटरचा चढ असेल तर पहिल्या तासात पाणी जेमतेम फूटभर चढतं. माणूस बुरुजावरून बघतो आणि म्हणतो, "अजून खूप वेळ आहे." तिसऱ्या तासात तेच पाणी मीटरभर चढतं. शिवाय ते समोरून चालत येत नाही. किल्ल्याला दोन्ही बाजूंनी वळसा घालून येतं, आणि आधी भरतात तुमच्या पाठीमागचे सखल भाग. उधाणाच्या दिवशी वाट कोरडी मिळते खरी, पण त्याच दिवशी ती बुजतेही झपाट्याने. चुकून अडकलात तर किल्ल्यातच थांबा, आत गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. पाण्यात घुसू नका.

पायात मागे पट्टा असलेली सँडल. खडकावर कालवं असतात, त्यांची धार ब्लेडसारखी. स्लीपर चिखलात रुतून राहते आणि पाय कापतो.

किल्ल्यात तटाचे दगड नीट बघा. मोठमोठे चिरे नुसते एकावर एक, मध्ये चुना नाही. लाटेचं पाणी फटीत शिरतं, तिथेच तिचा जोर मोडतो. १६८० मध्ये शिवाजी महाराजांनी काम सुरू करवलं, पुढे हा आंग्र्यांचा दर्या-तळ झाला, आणि १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून चालून आले तरी तो पडला नाही. गणपतीचं देऊळ राघोजी आंग्र्यांचं, १७५९ चं. उत्तरेकडे चाकांच्या गाड्यावर दोन तोफा आहेत, त्या मात्र आंग्र्यांच्या नव्हेत. लोखंडावर हात फिरवला की यॉर्कशायरच्या कारखान्याचं नाव आणि १८४९ साल लागतं. तोफेवर चढून फोटो काढणाऱ्यांनी निदान ते वाचावं.

किल्ला सकाळी झाला तर दुपार रेवदंड्याला. पोर्तुगीजांचं चौल ते हेच. १५०८ मध्ये इथल्या खाडीच्या तोंडाशी आरमारी लढाई झाली, त्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. १५२१ मध्ये निजामशहाच्या परवानगीने त्यांनी किल्ल्याचं काम काढलं, आणि १५७० मध्ये त्याच घराण्याच्या फौजेने किल्ल्याला वेढा घातला. वेढा फसला. आज डांबरी रस्ता तटातूनच जातो, त्यामुळे निम्मे लोक किल्ल्यातून गाडी नेतात आणि पुढे जाऊन विचारतात, किल्ला कुठाय? पोर्तुगीज राजचिन्हाचा दरवाजा बघा, नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून फ्रान्सिस्कनांच्या मठाचा सातखणी मनोरा गाठा. नाव सातखणी, सातही मजले आता उभे नाहीत. जवळ उभे राहा, खाली नको. वाड्या खाजगी आहेत, विचारून आत जा. भुयारं आहेत, कमेंटवाल्यांनो, हो आहेत. शिरू नका.

आणि उन्हं कलली की कोर्लईचा किल्ला. दीपगृहापर्यंत गाडी जाते, रस्ता अरुंद आहे, मागून पायऱ्या. उंची शंभर मीटरही नाही, पण सावली औषधालाही नाही, माणशी एक लिटर पाणी घ्या. वर पोचलात की उत्तरेला उभे राहा: पलीकडे रेवदंडा, मध्ये कुंडलिकेचं तोंड. हा डोंगर ज्याच्या हातात, त्याच्या तोफेखालून बंदरातलं प्रत्येक जहाज जाणार. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तो निजामशहाकडून घेतला तो यासाठीच, आणि १७४० मध्ये दोन्ही किल्ले मराठ्यांकडे आले. वर पडक्या चर्चच्या भिंती आहेत, आणि खाली गावात पोर्तुगीज-मराठीच्या मिसळणीतून झालेली बोली अजून घराघरात बोलली जाते. गावकरी तिला नो लिंग म्हणतात, म्हणजे आपली भाषा. कॅमेरा तोंडासमोर धरून "जरा बोलून दाखवा ना" असं करू नका.

सूर्यास्त बघायचा हट्ट असेल तर बॅटरी जवळ ठेवा. गडावर दिवे नाहीत आणि पायऱ्यांवर खडी घसरते.