क्योल्श आणि आल्ट: एका नदीकाठच्या दोन बिअर

(दृश्य: लाकडी पिंप, तोटी ठोकणारा हात)

हातोडीचा एक ठोका, आणि पितळी तोटी पिंपात घट्ट बसते. इथे ना पंप लागतो, ना गॅसचं सिलिंडर. पिंप वर, ग्लास खाली, बिअर आपसूक उतरते. हे जर्मनीतलं कोलोन शहर, आणि 0.2 लीटरच्या या उभट, सरळ ग्लासात पडतेय ती क्योल्श. ग्लास लहान ठेवण्याला कारण आहे: एवढ्या हलक्या बिअरमधला गॅस लवकर निघून जातो, म्हणून ती थोडी थोडी आणि ताजी वाढायची.

निळा अ‍ॅप्रन घातलेला हा वाढपी म्हणजे क्योबेस. तुमचा ग्लास रिकामा दिसला की तो न विचारता भरलेला ठेवतो आणि ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने एक रेघ मारतो. शेवटी रेघा मोजायच्या, तेच बिल. पुरे झालं असेल तर तो पुठ्ठा ग्लासावर झाकायचा.

(दृश्य: ऱ्हाईन नदी, रेल्वेचा पूल, डुसेलडॉर्फची जुनी पेठ)

ऱ्हाईनच्या प्रवाहाबरोबर साधारण 40 किलोमीटर खाली गेलं की डुसेलडॉर्फ लागतं. इथेही पिंप, पुठ्ठा आणि क्योबेस आहेतच. ग्लास मात्र बुटका आणि रुंद, आणि आतली बिअर तांबूस तपकिरी. ही आल्ट.

आता तीन ग्लास शेजारी ठेवू: क्योल्श, आल्ट आणि जर्मन पिल्सनर. यातल्या कुठल्या दोघी एका घरातल्या, असं विचारलं तर बहुतेक जण दोन पिवळ्या ग्लासांकडे बोट दाखवतात. रंग मोजायच्या एसआरएम मोजपट्टीवर पिल्सनर 2 ते 4 आणि क्योल्श साडेतीन ते 5, म्हणजे हद्दी एकमेकींत शिरलेल्या. नुसत्या डोळ्यांनी हा निकाल लागत नाही. पिल्सनर ही लागर आहे, म्हणजे थंडीत तळाशी आंबवणाऱ्या यीस्टची. क्योल्श आणि आल्ट या दोघी एल, म्हणजे वरच्या थरात आंबवणाऱ्या यीस्टच्या. घर ठरतं ते यीस्टवर आणि रंग येतो माल्टमधून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूमधून.

(दृश्य: भट्टी, दळलेलं माल्ट गरम पाण्यात पडतं)

क्योल्शला 100 लीटरमागे 20 किलोच्या आसपास माल्ट लागतं, जवळजवळ सगळं फिकट पिल्स माल्ट. आल्टमध्ये त्यातला काही भाग म्युनिक माल्टचा असतो आणि जोडीला एखाद-दुसरा टक्का काळं भाजलेलं माल्ट. रंगाचा सगळा फरक या पोत्यांतच आहे.

पाणी आणि माल्टचं मिश्रण 63 ते 65 अंश सेल्सिअसला धरलं की स्टार्चची अशी साखर होते जी यीस्ट जवळपास सगळी खाऊन टाकतं, आणि बिअर कोरडी उतरते. तापमान 69–70 वर गेलं तर न आंबणारी साखर जास्त उरते, बिअर जिभेला जड लागते आणि क्योल्शचा हलकेपणा तिथेच संपतो.

मग उकळी. तास-दीड तास, आणि झाकण उघडं. पिल्स माल्टमधून उकडलेल्या मक्यासारख्या वासाचं एक गंधकी द्रव्य तयार होतं. ते वाफेबरोबर बाहेर जायला हवं. झाकण लावलं तर थेंब होऊन परत कढईत पडतं.

हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वेलीची फुलं, याच टप्प्यावर. 4 टक्के आल्फा आम्लाचे (कडवटपणा याच आम्लातून येतो) हॉप्स असतील तर क्योल्शला 100 लीटरमागे सुमारे 250 ग्रॅम, कडवटपणा, आयबीयू या एककात, 25च्या आसपास. डुसेलडॉर्फच्या जुन्या पेठेतली आल्ट 40पर्यंत सहज जाते. तिला 400 ग्रॅम लागतात.

(दृश्य: आंबवणीची टाकी, फेसाचा जाड थर)

खरं काम इथे चालतं. एलचं यीस्ट बहुतेक ठिकाणी 18 ते 22 अंशांवर आंबवतात. कोलोनमध्ये ते 14 ते 16 अंशांवर आवरून धरतात. त्यामुळे फळांचा वास येतो, पण नाशपातीच्या हलक्या चाहुलीपुरताच. आंबवण 20च्या वर गेली तर तोच वास पुढे येतो आणि बिअर गोडसर भासू लागते.

पाण्याची घनता 1 धरली तर द्रवाची सुरुवातीची घनता 1.046, शेवटची 1.009. फरकाला 131.25ने गुणलं की अल्कोहोल मिळतं: सुमारे 4.9 टक्के. नमुना मोजण्याआधी त्यातला गॅस ढवळून काढायचा, नाहीतर बुडबुडे घनता मोजणाऱ्या तरंगत्या हायड्रोमीटरला उचलून धरतात आणि आकडा चुकीचा दिसतो.

(दृश्य: दोन चंबू, एक गरम पाण्यात)

टाकी थंड करायच्या आधी ही परीक्षा हवीच. एकाच टाकीतले दोन नमुने. एक झाकून 60 अंशांवर 20 मिनिटं, दुसरा तसाच. गरम केलेला निववून दोन्ही हुंगायचे. गरम केलेल्यात लोण्याचा वास आला तर तो वास देणाऱ्या डायअ‍ॅसिटिलचा कच्चा माल अजून शिल्लक आहे. टाकी आणखी दोन दिवस 18 अंशांवर ठेवायची, म्हणजे यीस्ट तो साफ करतं. घाईने गार केलं तर यीस्ट निपचित होतं आणि लोण्याचा वास पिंपापर्यंत जातो.

त्यानंतर रोज दोन अंश उतरवत शून्याजवळ आणायचं आणि तीन ते चार आठवडे थांबायचं. हे थंडीतलं मुरवणं ही लागरची रीत, ती या दोन्ही एल पाळतात. कोलोनचं यीस्ट तळाशी बसायला नाखूश असतं, म्हणून शेवटी बिअर गाळतात.

(दृश्य: तीन ग्लास, परीक्षकांचे हात)

ओळखायचं कसं? बिअर 8–10 अंशांवर आणा. बर्फासारखी गार असेल तर वास दबतो. आधी हुंगा, मग घोट घ्या. पिल्सनरमध्ये हॉप्सचा फुलांसारखा वास आणि मागे रेंगाळणारा कडवटपणा. क्योल्शमध्ये हलकं फळ, मऊ सुरुवात आणि झटकन कोरडा शेवट. आल्टमध्ये भाजलेल्या पावाचा वास, त्यावर ठसठशीत कडू. खात्री हवी असेल तर डोळे बांधून तीन ग्लास घ्या, दोन सारखे आणि एक वेगळा. वेगळा कुठला, एवढंच सांगायचं.

(दृश्य: करारावरच्या सह्या, बंद भट्टीचं फाटक)

1986मध्ये कोलोन परिसरातल्या 24 भट्ट्यांनी करार केला: क्योल्श फिकट, वरच्या थरात आंबवलेली, हॉप्सचा ठसा असलेली आणि गाळलेलीच हवी, आणि ती इथलीच हवी. 1997मध्ये युरोपीय संघाने हे नाव भौगोलिक मानांकनाखाली घेतलं. त्यातल्या बऱ्याच भट्ट्या पुढे बंद पडल्या, काही नावं आता दुसऱ्याच्या टाक्यांत तयार होतात.

(दृश्य: स्पर्धेचं टेबल, गुणपत्रिका)

बिअर-परीक्षकांच्या बीजेसीपी या संस्थेची बिअरच्या प्रकारांची 2021ची यादी 34 गटांची. तिने क्योल्शला ठेवलंय फिकट आणि कडवट युरोपीय बिअरच्या गटात, चक्क जर्मन पिल्सनरबरोबर, कारण तिथे गट चवीच्या साधर्म्यावर पाडलेत. अमेरिकेच्या ब्रुअर्स असोसिएशनच्या यादीत तीच क्योल्श जर्मन एलमध्ये येते. दोन्ही याद्या बरोबर आहेत, पण भट्टीवाल्याच्या कामाची दुसरी, कारण टाकीचं तापमान काय ठेवायचं ते तिच्यावरून कळतं. पुण्यात कुणी हेच माल्ट, हेच यीस्ट वापरून, महिनाभर मुरवून ही बिअर केली, तर स्पर्धेत ती क्योल्श म्हणून तपासली जाईल. युरोपात त्या नावाने विकता येणार नाही. आणि आपल्याकडच्या नियमात 5 टक्क्यांच्या आतली म्हणून ती नुसती ‘माइल्ड’ ठरेल.